विश्लेषण : तारायंत्राला न सापडलेले येवल्याचे तात्या टोपे अखेर कशामुळे पकडले गेले?

ग्वाल्हेर हातचे गेल्यावर, म्हणजे जून १८५८ नंतर, तात्या टोपे तब्बल साडेनऊ महिने इंग्रजी फौजांना चकवत राहिले. मागावर घोडदळ होते, तोफा होत्या आणि त्या काळातले सर्वांत नवे संदेशयंत्र, विजेची तार, हीदेखील होती. तरीही ते हाती लागले ते एका ओळखीच्या माणसाने जागा दाखवल्यावरच. १८ एप्रिल हा त्यांच्या फाशीचा दिवस. मोबाइलमधले ओटीपी आणि ऑफिसातल्या फायली कशा सांभाळायच्या याची चर्चा घरोघरी सुरू असताना, नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या या सेनानीचे आयुष्य माहितीच्या अंगाने पाहिले तर काय दिसते?

येवलेकरांचे टोपे कसे झाले?

तात्यांचे खरे नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. जन्म १८१४ च्या सुमारास येवल्यात. पैठणीमुळे आज ओळखले जाणारे हे गाव तेव्हा पेशव्यांच्या मुलखात होते. वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव इंग्रजांना शरण गेले आणि वर्षाला आठ लाख रुपयांच्या तनख्यावर त्यांना कानपूरजवळच्या बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला, पाठवण्यात आले. त्यांच्यामागे जी मराठी कुटुंबे गंगेकाठी गेली त्यांत येवलेकरही होते. तात्या तेव्हा अगदी लहान होते.

टोपे हे नाव कुठून आले याच्या दोन कथा आहेत. बाजीरावांनी खूश होऊन त्यांना एक मौल्यवान टोपी दिली, असे एक जण सांगतो. तोफखान्यात काम केल्यामुळे तोफेचे टोपे झाले, असे दुसरा. कोणती खरी हे ठरवण्याचे साधन नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इतिहासात, इंग्रजांच्या कागदांत आणि पकडण्याच्या हुकमांत जे नाव गाजले ते टोपणनाव होते, पाळण्यातले नव्हे.

बिठूरला नानासाहेब, बाळासाहेब, रावसाहेब यांच्या सोबतीने तात्या वाढले. लहानगी मनू, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाई, आणि तात्या हे बालमित्र होते असे चित्रपट-मालिकांत हमखास दाखवतात. राणींच्या जन्मसालाबद्दल मतभेद आहेत, पण कोणतेही साल धरले तरी तात्या त्यांच्याहून किमान चौदा वर्षांनी मोठे ठरतात. तेव्हा एकाच अंगणात खेळण्याचे दृश्य जरा बेतानेच घ्यावे.

बिठूरचा हा संसार मोकळा नव्हता. पेशव्यांवर लक्ष ठेवायला इंग्रज कमिशनर नेमलेला होता. कोण आले, कोण गेले, पत्रव्यवहार कोणाशी, यावर नजर असे. म्हणजे आपल्याकडे कोणीतरी सतत पाहते आहे, हे तात्यांना लहानपणापासून ठाऊक होते. १८५१ मध्ये बाजीराव वारले. दत्तक पुत्र नानासाहेबांना तनखा नाकारण्यात आला. त्यासाठी अझीमुल्ला खानांना लंडनपर्यंत पाठवले, तरी उपयोग झाला नाही.

१८५७ मध्ये खबर कशी फिरत होती?

उठावाआधीच्या हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात गावोगावी चपात्या फिरल्या. एका गावच्या चौकीदाराने पुढच्या गावाला द्यायच्या, त्याने आणखी पुढे. इंग्रज अधिकाऱ्यांना त्या दिसत होत्या, कुठून कुठे जातात हेही कळत होते. अर्थ मात्र लागत नव्हता. तो अजूनही नीट लागलेला नाही.

दुसऱ्या बाजूला तार होती. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत बंडवाले शिरले तेव्हा तिथल्या तारमास्तरांच्या हाताखालच्या मुलांनी अंबाल्याला खबर पाठवली आणि पंजाब सावध झाला. तारेचा वेग घोड्याला गाठता येणार नव्हता. पण तिच्या दोन उणिवा होत्या. ती उघड्यावर खांबांवरून जात असे, म्हणून कुऱ्हाडीने तुटे. आणि पाठवणारा व घेणारा, असे दोन्हीकडचे कारकून मजकूर वाचत.

जिथे तार नव्हती तिथे जासूद धावत. लखनौच्या वेढ्यात अडकलेले इंग्रज अधिकारी चिठ्ठीतील नाजूक मजकूर ग्रीक अक्षरांत लिहीत आणि ती चिठ्ठी पिसाच्या पोकळ नळीत दडवून जासुदाच्या हाती देत. ही काही फार पक्की गुप्तलिपी नव्हे. पकडणाऱ्याला ग्रीक येत नसेल एवढ्याच भरवशावर ती चालली. आज कित्येक जण पासवर्डमध्ये मुलाचे नाव आणि जन्मसाल टाकतात, तेही अशाच भरवशावर.

कानपूरवर तात्यांनी नेमका तोच मुहूर्त का साधला?

जून १८५७ मध्ये कानपूर उठले आणि नानासाहेब पुढे आले. सतीचौरा घाट आणि बिबीघर इथली इंग्रजांची कत्तल हा त्या वर्षाचा सर्वांत काळा भाग. तात्यांचा त्यात किती हात होता यावर अजून वाद आहे. त्यांनी स्वतः अखेरपर्यंत तो नाकारला. १७ जुलैला जनरल हॅवलॉकने कानपूर परत घेतले आणि नानांची फौज विखुरली.

तात्यांचा सेनापती म्हणून उदय होतो तो इथून पुढे. ते गुपचूप ग्वाल्हेरकडे गेले. तिथे मोरारच्या छावणीत ग्वाल्हेर काँटिंजंट ही कवायती पलटण होती. शिंद्यांच्या खर्चाने चालणारी, इंग्रज अधिकाऱ्यांची. ती बंडात उतरली होती, पण कुठे जायचे हे ठरत नव्हते. तात्यांनी तिला काल्पीकडे वळवले.

नोव्हेंबरमध्ये सरसेनापती सर कॉलिन कॅम्पबेल लखनौच्या सुटकेसाठी मोठी फौज घेऊन निघून गेला आणि कानपुरात जनरल विंडहॅम थोड्या सैन्यानिशी मागे राहिला. ही खबर लागताच तात्यांनी यमुना ओलांडली, कानपूरच्या रसदेच्या वाटा एकेक करून अडवल्या आणि २७ व २८ नोव्हेंबरला विंडहॅमला रेटत खंदकांच्या आड ढकलले. इंग्रजांचे तंबू आणि सामानसुमान हाती लागले. सैन्य आधीही होते, तोफाही होत्या. या वेळी घरमालक बाहेर गेल्याची बातमी वेळेवर मिळाली, हा फरक. कॅम्पबेल धावत परतला आणि ६ डिसेंबरला त्याने तात्यांचा पराभव केला, हेही सांगायला हवे.

सुट्टीला निघालेल्या कुटुंबाने विमानतळावरचा फोटो टाकावा आणि पाहणाऱ्याने बंद घराचा हिशेब करावा, यात आणि विंडहॅमच्या अडचणीत फारसे अंतर नाही.

बेतवाकाठी पेटवलेला जाळ कोणी कोणी पाहिला?

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. राणींनी मदत मागितली. तात्या नुकतेच चरखारी जिंकून तोफा आणि पैसा घेऊन मोकळे झाले होते. सुमारे वीस हजार माणसे घेऊन ते झाशीकडे निघाले.

३१ मार्चच्या रात्री बेतवा नदीजवळ पोहोचल्यावर त्यांच्या लोकांनी मोठा जाळ पेटवला. किल्ल्यातल्यांना कळावे, की आम्ही आलो. किल्ल्यात आनंद झाला, तोफा उडाल्या. पण जाळाला दिशा नसते. तो मित्राला दिसतो तसा शत्रूलाही. शिवाय रोजने भोवतालच्या टेकड्यांवर निशाणे दाखवणारी माणसे आधीच बसवली होती. मोठी फौज येत असल्याची खूण त्यांनी कधीच दिली होती. वेढा न उठवता रोज जेमतेम दीड हजार माणसे घेऊन वळला आणि १ एप्रिलला त्याने ही लढाई जिंकली. झाशी काही दिवसांत पडली.

तात्यांच्या युद्धकलेवर टीका करायची तर ती याच लढाईवरून करतात. फौजेच्या दोन फळ्यांत इतके अंतर होते की पहिली मोडली तेव्हा दुसरीला सावरता आले नाही. पण माहितीच्या बाजूने पाहिले तर हार आदल्या रात्रीच सुरू झाली होती.

ग्वाल्हेर लढून घेतले की आतून?

मे महिन्यात कोंचला हार झाली, मग काल्पी गेली. काल्पीच्या लढाईत तात्या नव्हते. ते पुन्हा वेष पालटून ग्वाल्हेरला गेले होते. जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने ठाम होते, त्यामुळे तात्यांनी राजाला गाठलेच नाही. शिपायांना आणि सरदारांना गाठले. १ जून १८५८ रोजी राणी, रावसाहेब आणि तात्यांची थकलेली फौज ग्वाल्हेरसमोर उभी राहिली तेव्हा शिंद्यांचे बहुतेक सैन्य त्यांना जाऊन मिळाले. जयाजीराव आग्र्याला पळाले. हिंदुस्थानातला एक बळकट किल्ला, खजिना आणि तोफखाना जवळजवळ न लढता हाती आला.

यंत्रांच्या भाषेत बोलायचे तर भिंत न फोडता आतल्या माणसाच्या चावीने दार उघडले. ही विद्या तात्यांना उत्तम येत होती, आणि दहा महिन्यांनी तिनेच त्यांचा घात केला.

ग्वाल्हेरचा विजय तीन आठवडेही टिकला नाही. कोटा की सराय इथे राणी लढता लढता पडल्या, किल्ला गेला. २१-२२ जूनच्या सुमारास जावरा-अलीपूरला नेपियरने उरलेल्या फौजेची दाणादाण उडवली.

साडेनऊ महिने ते सापडले का नाहीत?

खरे तात्या टोपे इथे दिसतात. जून १८५८ ते एप्रिल १८५९. जयपूरच्या दिशेने, तिथून टोंक, बुंदी, भिलवाडा. बनास नदीकाठी हार, चंबळ पार, झालरापाटणला तिथल्या राण्याची फौजच येऊन मिळाली आणि तोफा व पैसा मिळाला. महिन्याभरात त्या तोफाही गेल्या. मग माळवा, बुंदेलखंड, नर्मदा, सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेला, पुन्हा नर्मदा, छोटा उदेपूर, बांसवाड्याचे डोंगर, पुन्हा राजस्थान. रॉबर्ट्स, मिशेल, पार्क, सॉमरसेट, होम्स असे सेनाधिकारी वेगवेगळ्या दिशांनी धावत होते. जवळपास प्रत्येक गाठीत तात्या हरत, आणि दोन दिवसांनी भलतीकडेच उगवत.

हे जमले कसे? तंबू नाहीत, सामान नाही. सैन्य मोडले की माणसे पांगत आणि ठरल्या जागी पुन्हा जमत. पण मुख्य म्हणजे गावकरी. इंग्रज तुकडी कुठे मुक्कामाला आहे हे तात्यांना गावांतून कळे, आणि तात्या कुठे गेले असे तुकडीने विचारले तर तीच गावे चुकीची वाट दाखवत किंवा गप्प राहत. तारेने इंग्रजांना एकमेकांशी जोडले होते, गावकऱ्यांशी नव्हे. पल्टणी एकमेकांना क्षणात निरोप देत, फक्त निरोपात सांगण्याजोगे नेमके काही नसे.

तात्यांनाही तारेचे मोल कळत होते. नोव्हेंबर १८५८ मध्ये निमाडात मुंबई-आग्रा रस्ता ओलांडताना त्यांनी तिथल्या तारा तोडल्या आणि युरोपियनांसाठी माल घेऊन चाललेल्या व्यापारी गाड्या लुटल्या. हाच रस्ता खाली मालेगाव, चांदवड, नाशिकवरून मुंबईला येतो. जन्मगावच्या इतक्या जवळून जाणारा रस्ता त्यांनी आडवा ओलांडला, आणि पुढे गेले.

नर्मदा ओलांडल्याने मुंबई का हादरली?

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस होशंगाबादच्या वरच्या अंगाला तात्यांनी नर्मदा ओलांडली. सैन्य थोडे, दारूगोळा कमी. लष्करी दृष्टीने यात भिण्यासारखे काही नव्हते. तरी मुंबई आणि मद्रास सरकारे अस्वस्थ झाली, कारण पेशव्यांच्या नावाने एक सेनापती दख्खनच्या उंबरठ्यावर आला होता. नागपूरचे राज्य चारच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, खालसा झाले होते.

नाशिक-नगरच्या डोंगरातही शांतता नव्हती. पूर्वी पोलिसांत असलेले भागोजी नाईक भिल्लांना घेऊन उठले होते. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नरजवळ नांदूर शिंगोटे इथे झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला होता, आणि भागोजी अजून मोकळेच होते. तात्या खानदेशात उतरले असते तर काय झाले असते, हा तर्क इतिहासकार आजही करतात. प्रत्यक्षात नागपूरकडे कोणी उठले नाही, दक्षिणेच्या वाटा अडवल्या गेल्या, आणि मुलताईवरून तात्या पश्चिमेला वळले. बडोद्याला गायकवाडांच्या मुलखात शिरण्याचा बेत १ डिसेंबरला छोटा उदेपूरच्या पराभवाने संपला.

२१ जानेवारी १८५९ रोजी सीकरला होम्सने गाठले. त्यानंतर फौज अशी उरलीच नाही. रावसाहेबांपासून तात्या वेगळे झाले आणि मोजक्या माणसांसह शिप्रीजवळच्या पाडौनच्या जंगलात गेले. शिप्री म्हणजे आजचे शिवपुरी.

मानसिंहाने नेमके काय केले?

नरवरचा राजा मानसिंह हा त्या जंगलाचा माहीतगार. शिंद्यांशी जहागिरीवरून त्याचे भांडण होते, म्हणून तो बंडात आला होता. इंग्रजांशी त्याचे मूळ वैर नव्हते. तात्यांसाठी लपायची जागा, निरोपाची व्यवस्था, पुढचा सल्ला, सगळे त्याच्या हाती होते.

इंग्रजांच्या बाजूने मेजर मीड हा अधिकारी होता. त्याने तात्यांचा माग काढण्यात वेळ घालवला नाही. त्याने मानसिंहाची गरज शोधली. गेलेला मान आणि जहागीर परत मिळण्याची आशा, घरच्यांची सुरक्षितता, स्वतःचा जीव. २ एप्रिल १८५९ रोजी मानसिंह मीडकडे हजर झाला. पुढचे काही दिवस मीड त्याच्याशी बोलत राहिला.

इकडे तात्यांनी मानसिंहाला निरोप पाठवून विचारले, की फिरोजशहाच्या फौजेला जाऊन मिळू की इथेच थांबू? थांबा, मी दोन-तीन दिवसांत येतो, अशा अर्थाचे उत्तर आले. आजच्या फसवणुकीच्या फोनमध्येही हाच भाग सर्वांत महत्त्वाचा असतो. फोन ठेवू नका, लाइनवर राहा, कोणाला विचारू नका.

७ एप्रिलच्या संध्याकाळी मानसिंहाबरोबर मुंबई पलटणीच्या देशी शिपायांची एक तुकडी निघाली. कोणाला पकडायचे हे शिपायांना सांगितलेच नव्हते. मानसिंहाच्या सांगण्याप्रमाणे वागा, एवढाच हुकूम. मीडने गुपित राखले ते असे, की ज्याला कामापुरते जेवढे लागेल तेवढेच त्याला ठाऊक. शिपायांपैकी कोणाला तात्यांचे नाव कळले असते तर खबर जंगलात आधी पोहोचली असती, ही भीती खरी होती.

मध्यरात्रीनंतर तात्या झोपेत पकडले गेले. बरोबरचे दोन पंडित निसटले. तात्यांची तटबंदी साडेनऊ महिने टिकली ती माहिती शेकडो गावांत थोडी थोडी वाटलेली होती म्हणून. कोणत्याही एका गावाला सगळे ठाऊक नव्हते. शेवटच्या दोन महिन्यांत मात्र जागा, सोबती आणि बेत, तिन्ही एका माणसाकडे गोळा झाले. त्या माणसाची परिस्थिती बदलली, तरी त्याच्यावरचा भरवसा होता तोच राहिला.

आजच्या नाशिकमध्ये याचा संबंध कुठे येतो?

यंत्रे फोडूनही चोरी होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणा भेदून चोरांनी ९४ कोटी रुपयांवर हात मारला. पण सामान्य घरात आणि छोट्या ऑफिसात चोर बहुधा मीडच्या वाटेने येतो. कुलूप फोडत नाही, चावी असलेल्याला गाठतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समधील एका कर्मचाऱ्याला अटक केली. लढाऊ विमानांची गोपनीय माहिती पाकिस्तानी गुप्तचरांना पुरवल्याचा आरोप होता. कारखान्याच्या कुंपणाला, दारावरच्या पहाऱ्याला अशा प्रकारात काही करता येत नाही; ज्याला आत यायची परवानगी आहे त्याच्याच हाती मोबाइल असतो.

अंबड-सातपूरच्या कारखान्याला किंवा द्राक्ष निर्यातदाराला एवढे मोठे गुपित राखायचे नसेल. त्याच्याकडे येतो तो नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाचा मेल: आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका. मेल ओळखीचा दिसतो, कारण त्या पुरवठादाराचा मेलबॉक्स आधीच कोणीतरी उघडलेला असतो, किंवा पत्त्यातले एक अक्षर बदललेले असते. इथे एकच गोष्ट उपयोगी पडते. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचे. नोकरी सोडून गेलेल्याचा मेल, टॅलीचे लॉगिन, ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधले नाव त्याच दिवशी बंद करायचे. तो माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. मानसिंहही कालपर्यंत आपलाच होता. आणि पगाराच्या शीटपासून ग्राहकांच्या यादीपर्यंत सगळे एकाच्या लॉगिनवर ठेवण्याची सोय सोडून द्यायची, ती कितीही सोयीची असली तरी.

घरच्या फोनवर व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून पाहावे. आपण कधी न जोडलेला संगणक तिथे दिसला तर आपले बोलणे दुसऱ्या कोणाला दिसते आहे. तिथेच अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन ठेवता येतो. मग नुसता ओटीपी चोरून कोणाला आपले खाते दुसऱ्या फोनवर उघडता येत नाही. आरटीओचे चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नये. ती पत्रिका नसते, अॅप असते. ते बसले की फोनवर येणारे मेसेज परस्पर वाचते. पाठवणारा नंबर मावशीचा असला तरी हेच लागू, कारण मावशीचा फोन आधी फसलेला असू शकतो.

पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पैसे चोराच्या पहिल्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता येतात, म्हणून इथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. कंपन्यांना तर सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवणे २०२२ पासून बंधनकारक आहे. लाज वाटते म्हणून दोन दिवस गप्प बसणारे पुष्कळ असतात, आणि चोराला तेवढेच हवे असते.

फाशी गेले ते तात्याच होते का?

पकडल्यावर तात्यांचा जबाब घेतला गेला. १५ एप्रिलला शिप्रीत लष्करी न्यायालय बसले. आरोप इंग्रज सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. तात्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की काल्पीपर्यंत नानासाहेबांचा आणि पुढे रावसाहेबांचा हुकूम त्यांनी पाळला, युरोपियन स्त्री-पुरुष-मुलांच्या हत्येशी त्यांचा संबंध नव्हता. ते ज्या धन्याचे चाकर होते त्याच्याशी इमानाने वागले, तर तो राजद्रोह कसा, हा प्रश्न नंतर खुद्द काही इंग्रज लेखकांनाही पडला. १८ एप्रिल १८५९ रोजी संध्याकाळी त्यांना फाशी दिले.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. फाशी गेला तो दुसराच कोणी, मानसिंहाने तोतया देऊन खऱ्या तात्यांना वाचवले, असे अनेक वर्षे सांगितले जात होते, आजही सांगतात. बहुतेक इतिहासकार ते मानत नाहीत. तरी हा संशय जन्मू शकला याचे कारण साधे आहे. तात्यांना जवळून पाहिलेली माणसे इंग्रजांकडे थोडी होती. हाच तो, हे ठरले ते साक्षीदारांच्या ओळखण्यावर. आणि तात्यांच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे कळते त्यातला मोठा भाग त्यांच्या शत्रूने लिहून ठेवला आहे. त्यांचा म्हणून जो जबाब आहे तोही कैदेत सांगितलेला आणि भाषांतर होऊन आलेला.

नानासाहेबांच्या बाबतीत तर हा घोळ पुढे कित्येक वर्षे चालला. त्यांना पकडून देणाऱ्याला एक लाख रुपयांचे इनाम होते, आणि ते कुठे गेले कोणालाच ठाऊक नव्हते. इनाम मोठे आणि चेहरा अनोळखी, मग जागोजाग नाना सापडू लागले. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला एक माणूस पकडून इंग्रजांच्या हवाली केला. त्याने म्हणे आपण नाना असल्याचे कबूलही केले होते. नानांना पूर्वी पाहिलेली माणसे आणून ओळख पटवण्याचा प्रयत्न झाला. कोणी हो म्हणाले, कोणी नाही. अखेर तो नाना नव्हे, असे सरकारला मान्य करावे लागले.